शेऱ्याचा रकाना

आमच्या धंद्यात खोडरबर वापरत नाहीत. मी जमिनी मोजतो. जिथे दोन माणसांचं हद्दीवरून वाजतं तिथे आम्ही दुर्बीण आणि तिवई घेऊन जातो. वहीत एखादा आकडा चुकला तर तो पुसायचा नाही. त्याच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. 'पट्टी वाकडी धरली.' 'वाऱ्याने तिवई हलली.' खाली सही. कारण न लिहिता रेघ मारली तर ती वही कोर्टात टिकत नाही. सव्वीस वर्षं मी हेच करत आलो. हाताला तीच सवय आहे.

बायको यावरून माझी थट्टा करायची. "लग्नाला उशिरा आलात तेव्हा शेरा काय लिहिला होतात?"

"टायर पंक्चर."

"आणि खाली सही?"

"केली की. तुझ्याच शेजारी बसून केली."

आमच्या फर्ममध्ये आम्ही तिघं भागीदार. सगळ्यात मोठ्याला सगळे साखळी म्हणतात, कारण तो लोखंडी साखळीने मोजायला शिकला त्या काळातला आहे. बायको त्याला साखळीराव म्हणायची. आम्हाला पगार नाही. वर्षाच्या शेवटी जो नफा राहील तो वाटून घ्यायचा, आणि वाटा ठरतो तो कोण किती दिवस फील्डवर उभा राहिला यावर. वहीत जितके दिवस तितका वाटा. हा नियम मीच सुचवला होता. कधी वर्ष भरून जातं, कधी कोरडं जातं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शीतगृहात नोकरीला आहे. तो म्हणायचा, "भाऊजी, तुमचं उत्पन्न नाही हो ते, ते हवामान आहे."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. लिफ्ट नाही. एक्कावन्न पायऱ्या, प्रत्येक साडेसतरा सेंटिमीटर, फक्त खालून सातवी एकोणीस. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. रोज त्या पायऱ्या उतरायची आणि चढायची, हातात पिशव्या असल्या तरी माझ्या आधी वर पोचायची. मग तिची फुफ्फुसं कडक व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे थांबत नाही, हळू करता येतं. आधी ती दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. मी तिथे एक खुर्ची ठेवली. मग पहिल्या मजल्यावरही एक ठेवली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी ती उचलून आत घेतली आणि त्यावर कुंड्या ठेवल्या. मी मागायला गेलो तर म्हणाल्या, "जिना सगळ्यांचा आहे." मोजणीदाराला हे कोणी शिकवायला नको. मी दुसरी खुर्ची आणली नाही.

पुढे तिची नोकरी सुटली. मागच्या वर्षी ती चार महिने हॉस्पिटलमध्ये होती आणि मी तिच्याजवळ. त्या चार महिन्यांत माझ्या वहीत एकही दिवस नाही.

वर्षाखेरीला साखळी हॉस्पिटलात आला. ती झोपली होती. तो मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, "पूर्ण वाटा घे. धाकट्या भागीदाराशी बोललोय. त्याचं काही म्हणणं नाही."

"वहीत दिवस नाहीत."

"वही खड्ड्यात गेली."

"नियम माझाच आहे," मी म्हणालो. "मीच मोडला तर उद्या कोणीही मोडेल."

"अरे, बायको आत पडलीय आणि तू नियम सांगतोस?"

मी ऐकलं नाही. तो म्हणाला, "तुझं डोकं म्हणजे हद्दीचा दगड आहे, हलवायला गेलं तर गुन्हा," आणि निघून गेला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटला.

हॉस्पिटलमधून तिला खुर्चीत बसवून वर नेलं. त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. नाकाला नळी, कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनच्या नळीची लांबी सात मीटर. ती म्हणायची, "माझी हद्द तुम्ही मोजायला नको. नळीने मोजलीय." खिडकीपर्यंत जाता यायचं. दारापर्यंत दीड मीटर कमी पडायचं.

तळमजल्यावर भाड्याचं घर आम्ही पुष्कळ शोधलं. तळमजले दुकानांना आणि दवाखान्यांना जातात. मग एक निवृत्त नर्स भेटली, तिला तिचं दोन खोल्यांचं घर विकून मुलीकडे जायचं होतं. तळमजला. दार थेट रस्त्यावर. मी दुर्बीण लावून पाहिलं, दारापासून रस्त्यापर्यंत फक्त चार सेंटिमीटरचा उतार. मी बायकोसाठी त्या घराचा नकाशा काढला, आणि तिने त्यात दाराबाहेर पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढला.

"हे काय?"

"खुर्ची. इथे बसणार मी. येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवणार. वर बसून काय, नुसती टकलं दिसतात."

नर्स म्हणाली, "मी वर्षअखेरपर्यंत थांबते. तुमच्या बाईंना माझं घर मिळालं तर मला आवडेल."

मग मी कर्जासाठी बँकेत गेलो. कर्ज देणारी अधिकारी तरुण होती. तिला सर्दी झाली होती आणि टेबलावर कागदी रुमालांचा खोका होता. वागायला चांगली. तिने अर्ज पुढे केला. भागीदार असल्यामुळे माझ्याकडून तीन वर्षांचं उत्पन्न मागितलं होतं. आधीची दोन वर्षं बरी होती. मागचं वर्ष निम्म्याच्या थोडं वर. तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटा रकाना. वर छापलं होतं: शेरा, असल्यास.

मी मागच्या वर्षाच्या ओळीसमोर लिहिलं: 'पत्नीच्या फुफ्फुसांच्या आजारामुळे चार महिने काम बंद. आजार कायमचा.' खाली सही केली.

तिने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग तिला शिंक आली. तिने अर्ज ठेवून घेतला.

तीन आठवड्यांनी तिने बोलावलं.

"सर, अर्ज मंजूर नाही झाला."

"उत्पन्न कमी-जास्त आहे म्हणून?"

"नाही. तसं असेल तर आम्ही तीन वर्षांची सरासरी धरतो. सरासरीत तुम्ही बसत होता."

"मग?"

तिने अर्ज माझ्याकडे फिरवला आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "तुम्ही लिहिलंय, आजार कायमचा. म्हणजे उत्पन्न कमी होण्याचं कारण अजून चालू आहे. कारण चालू असेल तर सरासरी चालत नाही, सगळ्यात कमी वर्ष धरावं लागतं. त्यात उपचारांचा खर्च वजा. त्यात एक माणूस तुमच्यावर अवलंबून."

"रकाना रिकामा सोडला असता तर?"

तिने नाक पुसलं. "तर धंद्यातला चढ-उतार म्हणून गेलं असतं."

"मग त्या दिवशी सांगायचं ना!"

"खरं लिहू नका असं मी कसं सांगणार, सर?"

मी विचारलं, आता तो शेरा काढता येईल का. ती म्हणाली, अर्ज नोंदला गेला, सहा महिने नवा घेता येत नाही. "परिस्थितीत काही बदल झाला तर मात्र केव्हाही या." हे तिने सहज म्हटलं. बहुधा सगळ्यांनाच म्हणत असेल. दुसऱ्या दोन बँकांत गेलो. दोन्हीकडे पहिलाच प्रश्न होता, यापूर्वी कुठे अर्ज नामंजूर झालाय का? मी खरं उत्तर दिलं.

पहिल्या बँकेने नाही म्हटलं त्या दिवशी जिना चढताना एक्कावन्न पायऱ्या माझ्या हातात होत्या. बायकोला काय सांगायचं ते ठरवायला तेवढ्या पुरेशा असतात. सव्विसाव्या पायरीपर्यंत मी खरं सांगणार होतो.

ती दाराकडे तोंड करून बसली होती, नळी ताणून. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"का?"

"मागच्या वर्षीचं उत्पन्न कमी पडलं."

हे खोटं नव्हतं.

"पण दोन वर्षं तर चांगली गेली. मागच्या वर्षी एवढं कमी कसं पडलं?"

"वाटा कमी आला ना. दिवस भरले नाहीत."

तिने नळी नाकात नीट बसवली. मग म्हणाली, "वाटा कापला तुमचा? मी तिथे मरत होते आणि साखळीरावांनी दिवस मोजले?"

"नियम आहे तो," मी म्हणालो.

मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. चहा टाकायला आत गेलो. आयुष्यात पहिला रकाना मी रिकामा सोडला तो हा.

त्यानंतर ती साखळीबद्दल असं बोलायला लागली की मला घरात थांबवेना. तिच्याकडे श्वास मोजका होता आणि त्यातला निम्मा ती त्याच्यावर खर्च करायची. भाऊ भेटायला आला की त्याला सांगायची, "यांच्याबरोबर सव्वीस वर्षं उन्हात उभा राहिलेला माणूस. मला तळमजला मिळू नये म्हणून दिवस मोजून बसला." मेहुणा मुठी आवळायचा. म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही गप्प कसे बसता? मी असतो तर त्याची तिवई त्याच्याच डोक्यात घातली असती." मी म्हणायचो, "जाऊ दे." दोघांना वाटायचं मी मोठ्या मनाचा आहे.

एकदा साखळी संत्री घेऊन आला. तीन मजले चढून घामाघूम झालेला. तिने पिशवीकडे पाहिलं.

"किती आहेत?"

"डझनभर असतील, वहिनी."

"असतील? मोजली नाहीत? तुमच्याकडून अशी चूक कशी झाली साखळीराव? घरी जाऊन नीट मोजा, आणि तिकडेच खा."

तो हसायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला. मी त्याला सोडायला खाली उतरलो.

"माझं काही चुकलं का रे?"

"औषधांनी चिडचिड होते तिची," मी म्हणालो.

"मग ठीक आहे. बोलू दे. मला बोलून तिला बरं वाटत असेल तर रोज येतो." त्याने संत्री माझ्या हातात दिली. मी ती पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या दाराशी ठेवली. वर नेली असती तर विचारलं असतं.

पाऊण महिन्याने, सकाळी आठच्या सुमाराला, तिचा श्वास मशीन असूनही पुरेना. ओठ निळे पडले. मी अॅम्ब्युलन्स बोलावली. ड्रायव्हर आणि त्याच्यासोबत एक मदतनीस बाई आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळत नव्हतं. ते वळणार नाही हे मला माहीत होतं, वळण मी केव्हाच मोजलं होतं. खुर्चीत बसवूनच न्यायला हवं होतं. ड्रायव्हरच्या खांद्याला दुखापत होती. तो म्हणाला, "अजून एक दणकट माणूस लागेल. लवकर बघा."

साखळी दोन गल्ल्या सोडून राहतो. मी फोन केला, तो सात मिनिटांत आला. सदऱ्याची बटणं उलटसुलट लावलेली. मेहुण्यालाही केला होता, तो शीतगृहातून निघाला होता.

साखळी खुर्चीजवळ वाकला आणि म्हणाला, "चला वहिनी, राणीसारखं नेतो."

तिने हात वर केला. तोंडावर मास्क होता, तो तिने बाजूला ओढला. "याचा हात... लागू द्यायचा नाही."

"अगं, आता हे काय," मी म्हणालो.

"नाही. भाऊ येईल. तोच... नेईल."

बाईने मास्क परत लावला. ती म्हणाली, "त्यांना शांत करा. अशा अवस्थेत झटापट केली तर जिन्यातच काहीतरी होईल." सगळे माझ्याकडे बघत होते. साखळीही बघत होता, वाकलेला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांपासून इंचभर वर.

मला एकच वाक्य म्हणायचं होतं. याने पूर्ण वाटा देऊ केला होता, मी घेतला नाही. किंवा त्याहून लहान. चूक माझी आहे. श्वास लागलेल्या माणसालाही एवढं कळलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मला वाटलं, आता सांगितलं तर ती माझाही हात लावून घेणार नाही.

मी म्हणालो, "भाऊ येतोच आहे. थांबू या."

साखळी सरळ उभा राहिला आणि भिंतीला टेकला. आम्ही चौतीस मिनिटं थांबलो. मला ही मिनिटं बरोबर माहीत आहेत, मी घड्याळाकडे बघत होतो. मेहुणा आला, त्याने आणि मी खुर्ची उचलली. सातव्या पायरीवर माझा पाय अडखळला. तिने मास्कमधून काहीतरी म्हटलं. बाईला नीट ऐकू आलं नाही, मला आलं. ती म्हणाली, "एकोणीस."

ती संध्याकाळी गेली. मी डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आणली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी म्हणालो, अंदाजे. ते म्हणाले, "असं अंदाजे सांगत नसतात."

साखळी अंत्यविधीला आला. मेहुण्याने त्याला फाटकापाशी अडवलं. "तुम्ही घरी जा. तिला चाललं नसतं." साखळीने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो. बघायला तिथे काही नव्हतं, सपाट जमीन होती. तो निघून गेला.

पुढच्या महिन्यात मी बायकोच्या मृत्यूचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो, खातं दोघांच्या नावावर होतं. त्या अधिकारी मुलीने मला ओळखलं. सर्दी बरी झाली होती. दाखला बघून तिचा चेहरा पडला. "मनापासून वाईट वाटलं, सर." ती खरंच वाईट वाटलेल्या माणसासारखी बोलली. मग तिने कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, हे आत्ता बोलायचं की नाही मला कळत नाही. पण तुमचा अर्ज आता बसतो."

"कसा?"

"परिस्थितीत बदल झालाय. ते कारण आता चालू नाही. म्हणजे परत सरासरी धरता येईल. उपचारांचा खर्च नाही. अवलंबून असलेलं माणूस..." ती थांबली. "तो आकडाही बदलतो."

नर्स अजून थांबली होती. मी तिला फोनवर विचारलं, ती म्हणाली, घर तुमचंच आहे, केव्हाही या.

मी अर्ज भरला. तोच अर्ज, त्याच तीन ओळी. मागच्या वर्षाच्या ओळीशी आलो तेव्हा पेन आपोआप शेवटच्या रकान्याकडे गेलं. अधिकारी मुलीने टेबलावरून हात पुढे केला, माझ्या हाताला न लावता, कागदापाशी ठेवला. या वेळी शिंक आली नाही.

"असल्यास, सर," ती हळूच म्हणाली.

मी रकाना रिकामा सोडला. अर्ज नऊ दिवसांत मंजूर झाला.

सामान हलवायला मी मेहुण्याला बोलावलं नाही. साखळी स्वतःहून टेम्पो घेऊन आला. एक्कावन्न पायऱ्यांवरून आम्ही दोघांनी कपाट, मशीन, भांडी, सगळं उतरवलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "ही तुमचीच ना?" आणि कुंड्या काढून ती खुर्ची आमच्या हातात दिली. साखळीने तिच्यावरची माती हाताने झाडली.

नव्या घरापाशी टेम्पोतून पलंग काढताना तो थांबला. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तिचा माझ्यावर एवढा राग का होता? रोज विचार करतो. मला काही सापडत नाही."

रस्त्यावर कोणी नव्हतं. त्याने वाट पाहिली. सव्वीस वर्षं तो असाच उभा राहत आलाय, पट्टी सरळ धरून, मी आकडा सांगेपर्यंत.

"आजारी माणसं चिडतात," मी म्हणालो. "त्याला कारण नसतं."

"असेल," तो म्हणाला. "चल, उचल."

आम्ही पलंग उचलला. मध्ये एकही पायरी नव्हती. दोन मिनिटांत तो आत गेला.